पूजेतून न उचललेली गाडी

मित्रांनो, मी शर्यतीची गाडी आहे. माझं वय पस्तीस वर्षं आणि उभ्या जन्मात मी एकूण हातभर अंतर धावले आहे. तेही गेल्या महिन्यात. हसू नका, हसण्यासारखं त्यात काही नाही. मला तरी हसू येत नाही.

मी खरी गाडी नव्हे, खऱ्या गाडीची प्रतिकृती. तिच्यापेक्षा पंचवीस पट लहान, जेमतेम वीतभर. ज्या गाडीची मी प्रतिकृती, तिला ड्रॅग रेसची गाडी म्हणतात. लांबलचक सडपातळ अंग, पुढे सायकलसारखी दोन बारीक चाकं, मागे दोन धिप्पाड चाकं आणि मध्ये हे एवढं इंजिन. तिला वळणं ठाऊक नाही. ती सरळ रेषेत पाव मैल सुटते आणि सात-आठ सेकंदांत तिचं काम संपतं. म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडापासून राजवाड्याच्या फाटकापर्यंतचं अंतर समजा. तुम्ही ‘आली, आली’ म्हणेपर्यंत ती पार. अशा गाडीचं पिल्लू मी, आणि माझ्या वाट्याला आलं काय, तर बसणं.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. जन्म म्हणजे काय, प्लास्टिकच्या काड्यांना लटकलेले शंभरएक तुकडे, चार मऊ काळे टायर, सूचनांचा एक कागद आणि वर चित्राचा डबा. तुकडे कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे, मग गाडी तयार. कारखान्याने माझे सुटे अवयव तेवढे बनवले. मला गाडी केलं ते तंजावूरच्या एका भावाबहिणीने. निम्मी केलं, असं म्हणते. खोटं कशाला बोलू?

त्या घरचे जयतीर्थमामा मालवाहू जहाजावर होते. एकोणीसशे एकोणनव्वद साली त्यांनी मला आणून भाच्याच्या हातात ठेवलं. भाच्याचं नाव वरुणराव. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता आणि पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढायचा. हात एवढा स्थिर की पट्टीशिवाय रेघ मारली तरी सरळ यायची. माझ्याआधी मामांनी आणलेल्या दोन गाड्या त्याने जोडल्या होत्या. त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटी सुप्रभा. ती शेजारच्या मास्तरांकडे तंजावूरची चित्रं शिकत होती; खडूची पूड आणि डिंक यांच्या लगद्याने उठाव द्यायचा आणि त्यावर सोन्याचा वर्ख चढवायचा, ती चित्रं. राजवाड्यामागच्या गल्लीतलं हे घर तीनशे वर्षांपासूनचं मराठी. आपसात मराठी, भाजीवाल्याशी तमिळ आणि माझा सूचनांचा कागद वाचायचा तेव्हा इंग्रजी. मी बोलायला शिकले ती तिथेच. माझं बोलणं जरा जुन्या वळणाचं वाटलं तर सांभाळून घ्या.

वरुणरावने मला दोन महिने जोडलं. रोज ऑफिसातून आला की कॉफी घ्यायची आणि खिडकीपाशी बसायचं. त्याने माझा सांगाडा उभा केला, इंजिनाच्या बारीक नळ्या बसवल्या, अंगाला काळा रंग दिला. डब्यावरच्या चित्रात माझ्या अंगावर ज्वाळा होत्या. सुप्रभाने ते चित्र बघून नाक मुरडलं. म्हणाली, या आगीपेक्षा मी सोन्याची वेल काढते. प्लास्टिकवर सोनं टिकेल का, अशी वरुणरावला शंका होती. पहिली वेल दुसऱ्याच दिवशी पापुद्र्यासारखी निघून आली, तेव्हा दोघांनीही डोक्याला हात लावला. मग त्याने माझं अंग बारीक कागदाने खरखरीत करून दिलं आणि तिने पुन्हा उठाव दिला. वेल बसली. माझ्या नाकापासून इंजिनापर्यंत गेलेली, तांदळाएवढ्या पानांची वेल. मास्तर मुद्दाम बघायला आले आणि दोनदा चष्मा पुसून बघून गेले. सुप्रभा आठवडाभर हवेत होती.

ती झाली माझी डावी बाजू. उजवी बाजू काढायची तेवढ्यात नवरात्र आलं.

आता आमच्या घरची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नवरात्रात इकडे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला गोलू म्हणतात. नवमीला सरस्वतीपूजा. त्या दिवशी ज्याचं जे कामाचं साधन असेल ते देवीपुढे ठेवायचं. मुलांची पुस्तकं, सुताराची करवत, वाजवणाऱ्याची वीणा. त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, ते उचलायचं. उचलणं म्हणजे नुसतं हलवणं नव्हे. पुस्तक असेल तर चार ओळी वाचायच्या, हत्यार असेल तर त्याने चिमूटभर तरी काम करायचं. त्यानंतर वर्षभर ते साधन आपलं. आणि त्यांच्या आईचा, राजमबाईंचा, यात आणखी एक नियम होता. ज्या हातांनी ठेवलं त्याच हातांनी उचलायचं.

त्या नवमीला भावाने आणि बहिणीने मला मिळून देवीपुढे ठेवलं. शेजारी तबकात त्याची कानस, चिकटवण्याची ट्यूब, तिचा कुंचला आणि वर्खाची वही. ठेवताना राजमबाई म्हणाल्या, वाहन बिनचाकाचं पूजेत ठेवत नाहीत. म्हणून वरुणरावने घाईघाईने टायर रिंगांवर चढवले आणि चाकं नुसती अडकवून दिली. उद्या काढू, असं त्याच्या मनात. माझ्या नाकावर चंदन लागलं, कुंकू लागलं. मी इतकी खूश होते की विचारू नका.

दसऱ्याच्या सकाळी उचलायच्या वेळेला दारात पापनाशम गावची माणसं उभी. सुप्रभाला बघायला यायची होती ती संध्याकाळी. पण दिवस चांगला म्हणून सकाळीच आली. घरात एकच धांदल. जरीची साडी काढा, कॉफी टाका, नैवेद्याच्या सुंडलचे, म्हणजे उसळीचे, हरभरे वाढा. दुपारी बारापर्यंत तिचं लग्न ठरलं होतं. मला उचलायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. ध्यानात आलं तेव्हा दिवस कलला होता. राजमबाई म्हणाल्या, असूं दे, पुढच्या दसऱ्याला दोघं मिळून उचला.

पुढच्या दसऱ्याला ती येणार कोठून? पापनाशमला तिच्या सासरीही गोलू होता आणि गोलू मांडलेला असताना घरची सून घर सोडत नाही. दिवाळीला यायची, पोंगलला यायची, बाळंतपणाला आली. दसऱ्याला कधीच नाही. आणि उचलायचं ते दसऱ्यालाच.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, पापनाशम बसने तासाभराच्या वाटेवर. भावाने गाडी तिकडे न्यायची. मीही हेच म्हणते! पण हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पूजेतली वस्तू न उचलता घराबाहेर कशी न्यायची? या घरात असा प्रश्न पडतो आणि एकदा पडला की माणसं त्याच्यापुढे हात टेकतात. मला आजही या गोष्टीचा संताप येतो.

मग माझी गोलूची वर्षं सुरू झाली. दरवर्षी राजमबाई मला रेशमी फडक्यात धरून, बोट न लावता, पेटीतून काढायच्या आणि खालच्या पायरीवर ठेवायच्या. एका बाजूला लाकडी राजाराणी, दुसऱ्या बाजूला मान डोलावणारी तंजावूरची बाहुली. त्या बाहुलीला काहीही विचारा, होच म्हणते. मी तिला विचारायचे, यंदा उचलतील का गं? ती मान डोलवायची. गल्लीतली पोरं माझ्याभोवती गोळा व्हायची. सोन्याची वेल बघून त्यांचे डोळे विस्फारायचे. हात पुढे आला की राजमबाई दटावायच्या, लावू नको रे, ती अजून पूजेत आहे. म्हणजे मी खेळणं नव्हते आणि बाहुली नव्हते. गाडी तर नव्हतेच. असे सव्वीस दसरे मी देवीच्या पायाशी काढले.

वरुणराव नवमीला माझ्यासमोर उभा राहायचा, नमस्कार करायचा आणि दसऱ्याला आपली नकाशाची पेन्सिल तेवढी उचलून जायचा. नवी गाडी त्याने पुन्हा कधी जोडली नाही. मामांनी एकदा विचारलं तर म्हणाला, हातातलं पुरं झालं की बघू. त्याचं लग्न झालं, कमलाक्षी घरात आली, हरिणी जन्मली, मोठी झाली, नोकरीला चेन्नईला गेली. सुप्रभाने सासरी नेलेल्या दोन कुंचल्यांपैकी एकाने इडलीच्या साच्याला तेल लावायला सुरुवात झाली. दुसऱ्याचं काय झालं ते तिलाही आठवत नाही. तिला चित्रं काढू नको, असं कुणी कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती भांडली तरी असती. नुसतं राहून गेलं.

राजमबाई गेल्या. वरुणरावची बदली तिरुवारूरकडे होती, घराला कुलूप लागलं, गोलू बंद झाला. पुढची नऊ वर्षं मी पेटीत होते. त्या अंधारात माझ्या अंगात काय चाललं होतं ते मला कळत होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. माझे टायर मऊ रबरासारख्या पदार्थाचे. त्यातून तेल पाझरतं आणि ते तेल प्लास्टिक खातं. जोडणाऱ्या माणसांना हे माहीत असतं. टायर नि रिंगा वेगळ्या ठेवायच्या, नाहीतर मध्ये लेप द्यायचा. पण मला एका दिवसासाठी चाकं घातली होती ना! ती चाकं पस्तीस वर्षं तशीच राहिली. देवीपुढे धड दिसावी म्हणून घातलेल्या चाकांनी मला आतून खाल्लं.

गेल्या मे महिन्यात वरुणराव निवृत्त होऊन घरी आला. जूनमध्ये त्याने पेटी उघडली. राजमबाई नव्हत्या, गोलूही नव्हता; मला हात लावायला त्याला आता कुणी अडवणार नव्हतं. मी त्याला ओळखलंच नाही. केस पांढरे, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. त्याने मला टेबलावर ठेवलं, मागचं चाक हलक्या हाताने ओढलं, आणि रिंग त्याच्या बोटांत काळ्या चिकट गोळ्यासारखी विरघळून आली. पुढचा आस तुटला. चिकटवण्याची ट्यूब दगड झाली होती. त्याने तो गोळा कागदावर पुसला, मला माझ्या जुन्या चित्राच्या डब्यात ठेवून झाकण लावलं आणि खुर्चीत बसून राहिला. कमलाक्षी म्हणाली, अहो, जेवायला चला, तर म्हणाला, भूक नाही. मला वाटलं, संपलं.

जुलैत सुप्रभा आली. माहेरपणाला नव्हे, डोळ्यांसाठी. साखरेच्या दुखण्याने तिचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यायचं, ते इथल्या दवाखान्यात, म्हणून ती भावाकडे राहिली. सासू कधीच गेली होती, नवरा गेल्याला तीन वर्षं झाली होती, सासरचा गोलूही बंद होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आतल्या शिरा नाजूक आहेत, आज दिसतं आहे ते उद्या दिसेलच असं धरून चालू नका. हे वरुणरावने कमलाक्षीला हलक्या आवाजात सांगितलं. मी डब्यातून ऐकलं.

कमलाक्षीच्या बोलण्यात माझं नाव निघालं आणि सुप्रभाने डबा मागवला. मला डोळ्याच्या अगदी जवळ धरलं. डाव्या बाजूवरून अंगठा फिरवला. मग मला उलटं केलं. उजवी बाजू काळी, रिकामी.

“ही माझी राहिली रे अण्णा,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून दोघं कामाला लागली. इतक्या वर्षांनी पुन्हा या कामाला बसणं म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं. वरुणरावला वाटलं होतं, हातांना सगळं आठवेल. कसलं काय! आस दोनदा मोडला. नळी चिकटवायला गेला तर बोटच चिकटलं. पूर्वी ज्या कामाला एक संध्याकाळ लागायची त्याला आठवडा लागला आणि तरी ते पहिल्यासारखं होईना. तो मधूनच हात खाली ठेवून त्यांच्याकडे बघत बसायचा. हरिणीने चेन्नईहून पातळ डिंक, बारीक कागद आणि दिव्याचं भिंग पाठवलं. मोठ्या मार्कर पेनच्या टोपणांतून त्याने मागच्या रिंगा कापल्या. बाराव्या खेपेला दोन सारख्या जमल्या. या वेळी टायर घालण्याआधी त्याने पांढऱ्या गोंदाचा लेप दिला, तोही दोनदा.

सुप्रभा खिडकीच्या उजेडात पुठ्ठ्यावर सराव करायची. पहिल्या दिवशी तिची वेल म्हणजे मुंग्यांची रांग दिसत होती. तिने पुठ्ठा फाडला आणि कुंचला धुऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. इंजेक्शनच्या दिवशी डोळ्याला पट्टी असायची आणि ती पुन्हा पुन्हा विचारायची, उद्या पट्टी काढल्यावर दिसेल ना? दिसायचं. दिसलं की आंघोळ उरकून थेट खिडकीपाशी.

नवरात्र सुरू झालं, नऊ वर्षांनी घरात पुन्हा गोलू मांडला गेला, तेव्हा सुप्रभाने माझ्या उजव्या अंगावर उठाव द्यायला घेतला. एका दिवशी चार पानं, जास्त नाही. तिची मान दुखायची, डोळ्यातून पाणी यायचं. वरुणराव मला दोन्ही हातांनी धरून बसायचा आणि श्वाससुद्धा हळू घ्यायचा. या वयात माझी एवढी काळजी होईल असं मला वाटलं नव्हतं. अष्टमीला वेल पुरी झाली. पांढरी, नाजूक, डावीपेक्षा किंचित वाकडी; पण तिचीच. रात्रभर ती वाळायची आणि मग वर चढायचा तो वर्ख.

नवमीची सकाळ उजाडली. कमलाक्षी पूजेची तयारी करत होती. सुप्रभाने वेलीवर बोट टेकवून पाहिलं. वाळली होती. समोर वर्खाची नवी वही. घरात उजेड छान होता.

“अण्णा, आजच लावून टाकू या का?” तिने विचारलं.

वरुणराव देवीपुढे पाट मांडत होता. तो हसला. इतक्या महिन्यांत मी त्याला एवढं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

“आज कसं गं लावायचं? आज पूजा. पस्तीस वर्षांनी दसऱ्याला दोघं एका घरात आहोत. या वेळी नीट करू. आज दोघांनी ठेवू, उद्या दोघांनी उचलू, आणि उचलताना वर्ख लाव. आई असती तर तिला केवढं बरं वाटलं असतं.”

सुप्रभाने एकदा वहीकडे पाहिलं. मग म्हणाली, “बरं. एक दिवस काय मोठा.”

मित्रांनो, मला तेव्हा ओरडता आलं असतं तर! मी घसा फोडून ओरडले असते, लाव, आत्ता लाव, हा उजेड सोडू नको. पण माझं तोंड म्हणजे प्लास्टिकची जाळी. त्यांनी मला मिळून उचलून पाटावर ठेवलं. चंदन लागलं, कुंकू लागलं. टायर मात्र वरुणरावने लक्षात ठेवून पुन्हा तपासले. शेजारी कानस, कुंचला, वर्ख. सगळं पस्तीस वर्षांपूर्वीसारखं आणि मला खूप भीती वाटत होती. बाजूला मान डोलावणारी बाहुली होती. मी तिला काही विचारलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी सुप्रभा अंघोळीला उठली आणि उठल्या जागी उभी राहिली. आधी तिला वाटलं, केसांची बट डोळ्यावर आली. हाताने सारली तर बट हलेना. मग लाल कोळिष्टकं दिसू लागली. मग तांबूस धूर. कमलाक्षी हाक ऐकून धावली तोवर सुप्रभा भिंतीला धरून खाली बसली होती. तिला समोरची खिडकी कोठे आहे ते सांगता येईना.

वरुणराव तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. पाटावर मी तशीच. उचलायची वेळ आली आणि गेली. कमलाक्षीने दिवा लावला आणि ती माझ्याशेजारी भिंतीला टेकून रडत बसली.

डोळ्यात आत रक्त उतरलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निवळलं तर थोडं निवळेल, शस्त्रक्रिया करून बघता येईल, पण डोळ्याचा आतला पडदाही ओढला गेला आहे; बारीक काम आता विसरा. वरुणरावने घरी येऊन हे सांगितलं ते भिंतीकडे बघून. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने मला हात लावला नाही. नुसता म्हणत राहिला, “मी थांबवलं. ती विचारत होती आणि मीच थांबवलं.”

आठ दिवस कुणी पाट हलवला नाही. गोलूच्या बाहुल्या पेटीत गेल्या, मी तिथेच. वरुणराव त्या खोलीत यायचाच नाही. नवव्या दिवशी सकाळी सुप्रभा भिंत चाचपत आली, पाटाशी बसली आणि तिने त्याला हाक मारली. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

“ते उचलायचं राहिलंय, अण्णा.”

“दसरा गेला, सुप्रभा. आता काय उचलायचं?”

“तू हात दे.”

तो बसला. तिचा हात त्याने माझ्यापर्यंत आणला. दोघांनी मला उचललं. मित्रांनो, या क्षणाची मी पस्तीस वर्षं वाट पाहिली होती. त्या वेळी मला कसं वाटेल याच्या मी किती कल्पना केल्या होत्या! आणि खरं सांगते, मला काहीच वाटलं नाही.

मग ती म्हणाली, वर्ख तू लाव, मी सांगते तसं. पंखा बंद केला. तोंडाला रुमाल बांधला, कारण वर्ख श्वासानेही फाटतो. ती सांगत होती, आधी डिंकाचं बोट, मग थांब, आता वर्ख सोड, कापसाने दाब, घासू नको. तो सांगितल्यासारखंच करत होता. पण सोनं काही सांगण्याने बसत नाही. ते सुरकुतलं. पानांची टोकं झाकली गेली. एका ठिकाणी कापूस ओढला गेला आणि देठ तुटून खाली पांढरं उघडं पडलं. ते झाकायला त्याने वर आणखी एक तुकडा लावला, त्याचा ढेपूळ झाला. एका तासात माझी उजवी बाजू अशी दिसू लागली, की कुणी चॉकलेटचा चुरगळलेला कागद डकवलाय. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि आवाज मात्र त्याने अगदी सरळ ठेवला.

“झाली,” तो म्हणाला. “अगदी डाव्या बाजूसारखी.”

सुप्रभाने मला हातात घेतलं. आधी डाव्या बाजूवरून अंगठा फिरवला. नाकापासून इंजिनापर्यंत, सावकाश. मग उजव्या बाजूवरून. ढेपळाशी अंगठा थांबला. तुटलेल्या देठाशी थांबला. मला वाटलं, आता ती मला खाली टाकेल.

“हो,” ती म्हणाली. “तशीच झाली आहे.”

मग तिने मला चटईवर ठेवलं आणि पाठीमागून बोटाने ढकललं. टोपणांच्या रिंगा फिरल्या. मी हातभर गेले आणि त्याच्या गुडघ्याला लागून थांबले. मी धावले म्हणते ती एवढी.

आता मी खिडकीशेजारच्या कपाटात असते, डावी बाजू बाहेरच्या अंगाला करून. वरुणरावने सगळी हत्यारं डब्यात बांधून ठेवली आहेत. तो पुन्हा काही जोडेल असं मला वाटत नाही. कोणी पाहुणा आला की माझं कौतुक करतो. मला वळवून बघायला कुणी मागितलं तर कमलाक्षी विषय बदलते.

मित्रांनो, मला पुसा, टायर वेगळे ठेवा, उन्हात ठेवू नका, असलं मी तुमच्याजवळ काही मागणार नाही. माझं जे व्हायचं ते झालं. एवढंच मागते. तुमच्या घरी कुणाचं काही अर्धं राहिलेलं असेल, आणि ते करणारे हात व डोळे शाबूत असतील, तर ते त्याच दिवशी त्यांच्यापुढे आणून ठेवा. पूजा असो, सण असो, दिवस कोणताही असो. देवी कोपेल म्हणून घाबरू नका. सव्वीस दसरे मी तिच्या पायाशी बसले आहे आणि तिचा चेहरा मी इतका जवळून पाहिला आहे. ती रागावली नसती.